विमुक्तांचे स्वातंत्र्य आणि आपली साक्ष

३१ ऑगस्ट ही तारीख जैन समाजाला विसरता येणार नाही. राजस्थान उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी संथारा म्हणजे आत्महत्याच, असा निर्णय दिला आणि व्रतस्थ साधकाची सेवा करणारे आप्तस्वकीयही कायद्याच्या दृष्टीने अपराधी ठरण्याची वेळ आली. २४ ऑगस्टला गावोगावचा समाज मौन मोर्च्याने रस्त्यावर उतरला. ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली आणि सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आपल्या पूर्वजांकडून आलेला आचार हाच गुन्हा मानला जातो तेव्हा मन कसे व्यथित होते, हे आपण ते एकवीस दिवस अनुभवले.

याच ३१ ऑगस्टला आपल्याच जिल्ह्यातील आणखी एक समाज आपली सुटका स्मरतो. पारधी, कैकाडी, रामोशी, भामटा अशा अनेक जमाती हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशभरातून रद्द झाला. त्यांच्यावरील कलंक एकवीस दिवसांचा नव्हता. १८७१ पासून धरल्यास तो एक्याऐंशी वर्षांचा होता. आणि तो खरोखर पुसला गेला आहे काय, हा प्रश्न आजही उभा आहे. या दोन दुःखांची बरोबरी करण्याचा हेतू नाही. परंतु एकाची झळ ज्याला लागली आहे, त्याने दुसऱ्याच्या दाहाकडे पाठ फिरवू नये, एवढेच सांगावयाचे आहे.

हा कायदा होता तरी काय? १८७१ साली तो प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा मुंबई इलाख्यापर्यंत वाढली आणि १९२४ साली त्याला एकत्रित रूप देण्यात आले. सरकारने एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केली की त्या घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. त्या जमातीतील माणसांची नोंदणी होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडण्यापूर्वी कळवावे लागे. काही जमातींना काटेरी तारांच्या आत वसवण्यात आले. सोलापुरातील अशा वसाहतीमुळे ‘सेटलमेंट’ हा शब्द तेथील बोलीत कायमचा रुजला. मुलाने पाळण्यात डोळे उघडण्यापूर्वीच त्याचा गुन्हा ठरलेला असे. पुरावा मागून गोळा करावयाचा. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या आपल्या परंपरेला हे मुळातच परके आहे. ज्याने त्याने आपल्या कर्माचे फळ भोगावे हे आपण मानतो. कोणी न केलेल्या कर्माचे फळ जन्मामुळे भोगावे, हे नव्हे.

मुंबई प्रांतात हा कायदा १९४९ मध्येच संपुष्टात आला. पुढे १९५९ साली सराईत गुन्हेगारांविषयीचा मुंबई राज्याचा कायदा आला. कागदावर तो जमातीचा विचार करीत नाही. वारंवार शिक्षा झालेल्या व्यक्तीचा विचार करतो. परंतु चोरी झाली की प्रथम कोणत्या वस्तीकडे जावयाचे, याची सवय कायदा बदलला म्हणून बदलली नाही. ती सवय केवळ चावडीवर आणि चौकीवर राहिली नाही. ती आपल्या घरांतही राहिली.

हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. जिल्ह्याच्या दक्षिण भागातील एका खेड्यात माझ्या आजोबांचे किराणा दुकान होते. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एका रात्री दुकान फुटले. गल्ल्यातील रक्कम आणि काही चांदी गेली. सकाळी हवालदारांनी पहिलाच प्रश्न विचारला, “शेटजी, संशय कोणावर?” आजोबांनी फारसा विचार न करता ओढ्यापलीकडील पालांकडे हात केला. तेथे फासेपारध्यांची चार कुटुंबे उतरली होती. दोन पुरुषांना नेण्यात आले. चौथ्या दिवशी ते परतले तेव्हा एकाला नीट चालता येत नव्हते. त्याच रात्री पाले उठली आणि ती कुटुंबे कोठे गेली हे कोणी विचारले नाही. दिवाळीच्या सुमारास चांदी सापडली ती आमच्याच उठबशीतील एका घरात. प्रकरण आपसात मिटले. पारध्यांना ते कळवावे, असे कोणालाही सुचले नाही.

आजोबा गेल्यानंतर जुन्या वह्या आवरताना त्या वर्षांचे खाते माझ्या हाती आले. त्यात त्याच दोघांपैकी एकाच्या नावापुढे ‘पारधी’ अशी नोंद होती. मीठ, गूळ, गोडेतेल, ज्वारी असा माल उधारीवर गेलेला, आणि प्रत्येक सुगीनंतर रक्कम जमा. एकही बाकी बुडालेली नव्हती. आजोबांच्या स्वतःच्या अक्षरात त्या माणसाच्या सचोटीची साक्ष लिहिलेली होती. ज्या दिवशी ती द्यावयाची, त्या दिवशी मात्र ती दिली गेली नाही. आजोबा दररोज सामायिक करीत, पाण्याचा थेंबही गाळून पीत. ते दुष्ट नव्हते. म्हणूनच ही गोष्ट मला अधिक बोचते.

येथे काही वाचक म्हणतील, पारधी म्हणजे शिकारी. त्यांच्याविषयी आपण काय बोलावे? हा प्रश्न टाळू नये. फाशांनी हरणे आणि तितर पकडण्याचे कसब हेच फासेपारध्यांचे जीवन होते आणि अहिंसाधर्मीयाला ते रुचणे शक्य नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी घातली. कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे १९८० साली काळविटांसाठी अभयारण्य झाले. दोन चौरस किलोमीटरहून थोडे अधिक अशा त्या माळावर कळप निर्धास्त चरताना पाहून कोणाही श्रावकाचे मन प्रसन्न होईल. परंतु काळविटाला अभय मिळाले त्या दिवशी फासे खाली ठेवणाऱ्या हातांना काय मिळाले? जमीन नाही, पिढीजात दुसरा धंदा नाही, आणि मजुरीसाठी दारात उभे राहावे तर नावावर गुन्हेगारीचा शिक्का. जीवदयेसाठी आपण सढळ हाताने देतो. शिकार सोडलेल्या माणसाला उभे करणे हीदेखील जीवदयाच आहे. किंबहुना त्यामुळेच पहिली जीवदया टिकणार आहे.

आपल्या जिल्ह्याने आता पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण केले आहे. त्यांचे जन्मगाव चौंडी जामखेड तालुक्यात आहे. त्यांच्या राज्यात वाटसरूंना भिल्लांचा उपद्रव होता. त्यांनी भिल्लांचा ‘भीलकवडी’ हा प्रवाशांकडून घेण्याचा परंपरागत हक्क मान्य केला आणि त्याबरोबर वाटांच्या रक्षणाची जबाबदारीही त्यांच्यावर सोपवली. ज्याच्यावर संशय होता, त्यालाच त्यांनी राखणदार केले. त्यानंतर शंभर वर्षांच्या आत आलेल्या इंग्रजी कायद्याने नेमके उलट केले. जिल्ह्याच्या नव्या नावाचा मान राखावयाचा, तर या दोहोंपैकी कोणता मार्ग आपला, हे ठरवावे लागेल.

विमुक्तांनी आपली लढाई स्वतः लढली आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ या आत्मकथनांनी मराठी वाचकाला प्रथमच पालाच्या आतून जग दाखवले. १९९८ साली पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात बुधन शबर या तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी महाश्वेतादेवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या हक्कांसाठी संघटना उभारली. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी आपला अहवाल दिला. दुसऱ्या अहवालात देशभरातील बाराशेहून अधिक जमातींची नोंद आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना तुरुंगांच्या नियमावलीतील जातिभेद घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढण्यास सांगितले आणि विमुक्त जमातींतील लोकांना मनमानीपणे अटक होऊ नये, यासाठी पोलिसांनी पाळावयाच्या दंडकांची आठवण करून दिली.

न्यायालय एवढे करू शकते. परंतु “संशय कोणावर?” या प्रश्नाचे उत्तर न्यायाधीश देत नाहीत, ते आपण देतो. नागरिकाचे स्वातंत्र्य राज्यघटनेत लिहिलेले असते हे खरे, पण त्याचा निकाल अनेकदा दुकानाच्या पायरीवर लागतो.

प्रतिक्रमणात आपण दुसऱ्या अणुव्रताचे अतिचार म्हणतो. त्यांतील पहिलाच अतिचार ‘सहसाभ्याख्यान’ हा आहे. विचार न करता, एकाएकी, कोणावर खोटा आळ घेणे, असा त्याचा अर्थ. अठरा पापस्थानांतही ‘अभ्याख्यान’ स्वतंत्रपणे सांगितलेले आहे. शास्त्रकारांनी ‘सहसा’ हा शब्द योजिला आहे, तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. द्वेषाने केलेला आरोप तर पाप आहेच. पण केवळ सवयीने, घाईने, जिभेवर आले म्हणून घेतलेले नावदेखील व्रताला मलिन करते. आजोबांनी हा पाठ हजारो वेळा म्हटला असेल. मीही म्हटला आहे. ओढ्यापलीकडची पाले आम्हा दोघांनाही त्या शब्दात दिसली नाहीत.

मग करावयाचे काय? प्रथम, तक्रार देताना जे पाहिले तेवढेच सांगावे. काय गेले, केव्हा गेले, कुलूप कसे होते, हे सांगणे आपले काम. वस्तीचे किंवा जातीचे नाव घेणे नव्हे. निरपराध माणसाला उचलले गेल्याचे कळल्यास, त्याला आपण ओळखतो हे सांगण्यास पुढे जावे. गावातील प्रतिष्ठित व्यापाऱ्याच्या एका शब्दाने माणूस आत जातो, तसा एका शब्दाने तो बाहेरही येऊ शकतो.

दुसरी गोष्ट कागदांची. आपल्या राज्यात पारध्यांचा समावेश अनुसूचित जमातींत आहे आणि त्यांना दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. विमुक्त व भटक्या जमातींसाठी ही तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. ज्यांना गावात थारा दिला गेला नाही, त्यांच्याकडे गावाचा दाखला मागितला जातो! दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, घरकुल नाही. आपल्या घरांच्या माळ्यावर मात्र तीन-तीन पिढ्यांच्या खातेवह्या पडून आहेत. त्यांत पारधी, भिल्ल, कैकाडी गिऱ्हाइकांची नावे तारखेसह असतील. शाळेच्या किंवा महसुली दाखल्याची जागा त्या घेणार नाहीत. तरी इतर पुराव्यांना जोड म्हणून एखाद्या कुटुंबाच्या उपयोगी पडू शकतील. वाळवीने खाण्यापूर्वी त्या पाहाव्यात, नोंदींच्या प्रती काढाव्यात आणि ज्यांच्या आहेत त्यांच्यापर्यंत पोहोचवाव्यात. यासाठी निधी उभारावा लागत नाही. एक सुटीचा दिवस पुरतो.

२७ जानेवारी २०१४ रोजी केंद्र शासनाने जैनांना राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. बाळ पाटील यांच्यासारख्यांनी त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला होता. २०११ च्या जनगणनेनुसार देशात आपण सुमारे साडेचव्वेचाळीस लाख आहोत. संख्येने लहान असलेल्या समाजाचे रक्षण अखेर एकाच गोष्टीने होते: माणसाचा विचार त्याच्या जमातीवरून नव्हे, तर त्याच्या कृतीवरून करावयाचा, हा नियम सर्वांसाठी पाळला जाण्याने. तो नियम पारध्यासाठी मोडू दिला तर तो आपल्यासाठीही मजबूत राहणार नाही.

विमुक्त दिन बहुधा पर्युषणाच्या आगेमागे येतो. संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. परंतु ‘मिच्छामि दुक्कडम्’ आपण म्हणतो ते आप्तांना, स्नेह्यांना, ज्यांचे पत्ते आपल्याजवळ आहेत त्यांना. त्या चार कुटुंबांचा पत्ता माझ्याजवळ नाही. आजोबांच्या वहीतील ती पाने मी जपून ठेवली आहेत. ज्यांची ती आहेत त्यांची मुले-नातवंडे कर्जत-श्रीगोंदे-जामखेडच्या कोणत्या तरी माळावर असतील. गेल्या चातुर्मासापासून मी त्यांचा शोध घेऊ लागलो आहे.