शाखा जोडणाऱ्या दोन वाटा

मुख्य कार्यालय मुंबईत, गोदाम दुबईत आणि विक्री विभाग लंडनमध्ये, अशी मांडणी असलेल्या कंपन्यांत आपल्यापैकी अनेक बंधू-भगिनी नोकरी करतात. दुबईच्या गोदामातून माल बाहेर पडला की त्याची नोंद लगेच मुंबईच्या सर्व्हरवर होते आणि लंडनमधील विक्रेत्याला ती दिसते. हे इतके अंगवळणी पडले आहे की, या शहरांना जोडणारी वाट नेमकी कोठून जाते, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. संगणक जाळ्यांच्या कामात असलेले आम्ही काही जण तो येथे मांडत आहोत. कारण ही वाट तुटते तेव्हा माल अडतो, बिले थांबतात आणि महिनाअखेर असेल तर हजेरीपट वेळेवर न पोहोचल्याने कामगारांचा पगारही लांबतो.

शाखा जोडण्याच्या मुख्य रीती दोन. पहिल्या रीतीत दूरसंचार कंपनीकडून एमपीएलएससारखी खासगी सेवा भाड्याने घेतली जाते. ती महाग असते, परंतु सेवेच्या दर्जाची हमी करारात लिहिलेली असते. दुसऱ्या रीतीत दोन्ही टोकांच्या राउटरमध्ये सार्वजनिक इंटरनेटवरूनच एक बंदिस्त मार्ग उभारला जातो व त्यातून जाणारा मजकूर सांकेतिक केलेला असतो. यालाच व्हीपीएन म्हणतात. ती स्वस्त पडते, पण वेगाची हमी नसते. अलीकडे एसडी-वॅन या पद्धतीने दोन्ही वाटा एकत्र वापरतात. एक मंदावली की काम आपोआप दुसरीवर जाते.

येथेच व्यवस्थापनाची मोठी गफलत होते. दोन कंपन्यांशी दोन करार केले म्हणजे दोन वाटा झाल्या, असे मानले जाते. प्रत्यक्षात दोन्ही करारांतील वाहतूक समुद्रतळाच्या एकाच पट्ट्यातून, कधी तर एकाच केबलमधून जात असते. भारत आणि युरोप यांच्यातील बहुतेक केबल तांबड्या समुद्रातून येऊन इजिप्तची भूमी ओलांडतात व पुढे भूमध्य समुद्रात उतरतात.

३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग युरोप-आशिया या दोन केबल जवळपास एकाच वेळी तुटल्या. भारतापासून आखाती देशांपर्यंत इंटरनेट मंदावले. दोनच दिवसांनी दुबईजवळच्या समुद्रात फाल्कन केबलही तुटली; दुरुस्तीस गेलेल्यांना तेथे पाच-सहा टन वजनाचा, टाकून दिलेला नांगर सापडला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात एएई-१, ईआयजी आणि सीकॉम या केबल निकामी झाल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तसेच घडले. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी केबलचे नाव आणि ती किनाऱ्याला कोठे लागते, हे लेखी मागावे.

दुसरी वाट खरोखर वेगळी घेतली, तर ती लांब पडते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर हजार किलोमीटरमागे जाण्या-येण्यास १० मिलिसेकंद लागतात. मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे, केबलचे त्याहून अधिक. त्यामुळे एका फेरीला शंभराहून अधिक मिलिसेकंद लागतात. सिंगापूर, प्रशांत महासागर व अमेरिका अशा पूर्वेकडच्या वाटेने गेल्यास हा काळ दुपटीच्याही पुढे जातो. हा विलंब क्षुल्लक वाटेल. परंतु एखादी फाइल उघडण्यासाठी संगणकांत एकापाठोपाठ २०० वेळा विचारणा होत असेल आणि प्रत्येक फेरी १२० मिलिसेकंदांची असेल, तर २४ सेकंद थांबावे लागते. जोडणीची क्षमता वाढवून हे २४ सेकंद कमी होत नाहीत. फेऱ्या कमी करणारी प्रणाली निवडणे किंवा नेहमी लागणाऱ्या माहितीची प्रत शाखेतच ठेवणे, हाच त्यावर उपाय आहे.

आणखी एक अडचण अगदी साधी, पण वारंवार आढळणारी आहे. प्रत्येक शाखेने आपापल्या राउटरवर १९२.१६८.१ ने सुरू होणारे तयार पत्ते तसेच ठेवलेले असतात. अशा दोन शाखा जोडल्या की एकाच क्रमांकाची दोन यंत्रे समोर येतात आणि मजकूर कोणाकडे पाठवावा, हे राउटरला ठरवता येत नाही. मुंबईला १०.१, दुबईला १०.२, लंडनला १०.३ असे वाटप आरंभीच कागदावर करून ठेवले, तर पुढे नवी शाखा उघडतानाही अडचण येत नाही.

शेवटी, राखीव वाट कागदावर असून भागत नाही. मुख्य वाट मुद्दाम बंद करून ती पारखावी लागते. २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीतील सरकारी कार्यालये शनिवार-रविवार बंद असतात आणि अनेक खासगी कार्यालयांनीही तोच क्रम स्वीकारला आहे. त्यामुळे या तिन्ही शहरांसाठी रविवार सोयीचा ठरतो. तीन महिन्यांतून एकदा तासभर राखीव वाटेवर खरे काम चालवून पाहावे: बिल काढावे, साठ्याची नोंद करावी, हजेरीपट पाठवावा. या क्षेत्रात नव्याने आलेल्या आपल्या तरुण मित्रांनी ही चाचणी स्वतःहून सुचवावी आणि तिचे निष्कर्ष लिहून ठेवावेत, असे आम्हांला आग्रहाने सांगावेसे वाटते.