गिरगावात गेलात तर खोताच्या वाडीत डोकवाच!

जगन्नाथ शंकरशेट मार्गावर हॉर्नने कान किटतात. तिथून खोताच्या वाडीत वळलं की मुंबईच बदलते! अरुंद बोळ, कौलारू घरं, रंगवलेले लाकडी कठडे. बऱ्याच घरांचा जिना बाहेरच्या अंगाला, म्हणजे माडीवर जाणाऱ्याला खालच्यांच्या बैठकीतून जावं लागत नाही. ओटे मात्र थेट बोळावर. येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी ओघानेच होते.

जमीन मूळची पाठारे प्रभू खोतांची. पुढे इथे ईस्ट इंडियन कुटुंबांनी घरं बांधली. ही ख्रिस्ती मंडळी पिढ्यान्‌पिढ्या घरात मराठीचीच बोली बोलत आली आहेत. बोळातला क्रूस आजही फुलांनी सजतो. एकेकाळी पासष्टेक घरं होती, आता निम्मीही उरलेली नाहीत, आणि याची हळहळ वाटायलाच हवी.

जवळच केशवजी नाईकांची चाळ. मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती १८९३ साली इथेच बसला. १९०१ मध्ये टिळकही येऊन गेले. मूर्ती अजून लहानच असते आणि पालखीतून निघते.

भूक लागली तर फणसवाडीच्या नाक्यावर ‘विनय’ची मिसळ आहेच. वाडीत फोटो काढण्याआधी मात्र विचारा. ही लोकांची राहती घरं आहेत.