चिनी स्थलांतरितांमधील मिठाचे सेवन आणि उच्च रक्तदाब

चिनी स्थलांतरितांमधील मिठाचे सेवन आणि उच्च रक्तदाब हा सार्वजनिक आरोग्य व आहारशास्त्र यांतील एक अभ्यासविषय आहे. स्थलांतरानंतर आहारातील मिठाचे प्रमाण व स्रोत कसे बदलतात आणि त्याचा रक्तदाबावर काय परिणाम होतो, याचा विचार त्यात केला जातो. चीनमध्येच खेड्यांतून शहरांत गेलेले लोक आणि अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आदी देशांत स्थायिक झालेले चिनी वंशाचे लोक, असे दोन्ही गट यात येतात. पाश्चात्त्य लोकसमूहांच्या तुलनेत चिनी लोकांमध्ये पक्षाघाताचे, विशेषतः मेंदूतील रक्तस्रावाचे, प्रमाण अधिक आढळते. उच्च रक्तदाब हे त्याचे प्रमुख कारण आहे.

मीठ व रक्तदाब

खाण्याचे मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड होय. त्याच्या वजनात सुमारे ४० टक्के सोडियम असते. आहारातील सोडियम वाढले की शरीरात पाणी साठून राहते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तवाहिन्यांवरील दाब वाढतो. जादा सोडियम बाहेर टाकण्याची मूत्रपिंडांची क्षमता वयानुसार व व्यक्तीनुसार वेगळी असते. त्यामुळे सारखेच मीठ खाणाऱ्या दोन व्यक्तींचा रक्तदाब सारखाच वाढतो असे नाही. या गुणधर्मास लवणसंवेदनशीलता म्हणतात. भाज्या, फळे व कडधान्ये यांतून मिळणारे पोटॅशियम सोडियमच्या उत्सर्जनास साहाय्य करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सुमारे २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे.

चिनी आहारातील मीठ

१९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरसॉल्ट' या अभ्यासात ३२ देशांतील ५२ केंद्रांवर २४ तासांच्या लघवीतील सोडियम मोजण्यात आले. सर्वाधिक प्रमाण उत्तर चीनमधील केंद्रात आढळले. ते दररोज सुमारे १४ ग्रॅम मिठाइतके होते. दक्षिण चीनमध्ये मिठाचे सेवन तुलनेने कमी आहे. उत्तरेकडील दीर्घ हिवाळ्यात भाज्या खारवून टिकवण्याची जुनी प्रथा हे या फरकाचे एक कारण मानले जाते.

पाश्चात्त्य देशांत बहुतांश सोडियम कारखान्यात तयार झालेल्या पदार्थांतून मिळते. याउलट, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरमॅप' अभ्यासानुसार चीनमधील सहभागी व्यक्तींच्या आहारातील सुमारे तीन-चतुर्थांश सोडियम घरच्या स्वयंपाकात घातलेल्या मिठातून येत होते. सोया सॉस, ऑयस्टर सॉस, आंबवलेल्या सोयाबीनचे पदार्थ, खारवलेली अंडी व खारे मासे हे इतर स्रोत होत. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात (१५ मिलिलिटर) साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असते. ते दिवसाच्या मर्यादेच्या जवळजवळ निम्मे भरते. मोनोसोडियम ग्लुटामेटमध्ये (अजिनोमोटो) सुमारे १२ टक्के सोडियम असते.

यी स्थलांतरितांचा अभ्यास

स्थलांतराचा परिणाम दाखवणारा एक महत्त्वाचा अभ्यास नैऋत्य चीनमधील सिच्वान प्रांतात झाला. ल्यांगशान भागातील उंच डोंगरांत शेती करणारे यी लोक, तेथून शहरांत गेलेले यी स्थलांतरित आणि त्याच शहरांतील हान लोक यांची तुलना त्यात करण्यात आली. त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. डोंगरात राहणाऱ्या यी शेतकऱ्यांचा रक्तदाब वयानुसार फारच थोडा वाढत होता. शहरांतील यी स्थलांतरितांमध्ये मात्र तो हान लोकांप्रमाणे वयाबरोबर वाढत होता व त्यांच्या आहारात सोडियमही अधिक होते.

दोन्ही यी गट एकाच वंशाचे असल्याने हा फरक केवळ आनुवंशिकतेने स्पष्ट होत नाही. राहणीमान व आहार यांचा प्रभाव त्यातून दिसतो. तथापि, स्थलांतरितांचे वजन, शारीरिक श्रम व इतर सवयीही बदललेल्या असतात. त्यामुळे सर्व वाढ एकट्या मिठामुळे झाली, असा अर्थ काढता येत नाही.

परदेशातील चिनी स्थलांतरित

परदेशी गेल्यावर मिठाचे जुने स्रोत सुटतातच असे नाही. त्यांत पाव, चीज, प्रक्रिया केलेले मांस व तयार नूडल्स या नव्या स्रोतांची भर पडू शकते. त्यामुळे ताटात वरून मीठ घेऊ नये, एवढाच सल्ला अपुरा ठरतो. ज्या घरात मीठ प्रामुख्याने कढईत व सॉसमधून पडते, तेथे स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीपर्यंत माहिती पोहोचणे आवश्यक असते.

वेष्टनावरील माहिती वाचतानाही अडचण येते. अमेरिका व ऑस्ट्रेलियात वेष्टनावर सोडियमचे प्रमाण, तर ब्रिटन व युरोपीय संघात मिठाचे प्रमाण छापलेले असते. सोडियमच्या आकड्याला २.५ ने गुणल्यास मिठाचे प्रमाण मिळते. अनेक पारंपरिक चिनी औषधांत वापरले जाणारे ज्येष्ठमध जास्त प्रमाणात वा दीर्घकाळ घेतल्यास शरीरात सोडियम साठते व रक्तदाब वाढू शकतो. म्हणून अशा औषधांची माहिती डॉक्टरांना देणे महत्त्वाचे असते. उच्च रक्तदाबाची बहुधा कोणतीही लक्षणे जाणवत नाहीत. त्यामुळे तो मोजूनच ओळखावा लागतो.

उपाय

मीठ व सॉस मोजून वापरणे, खारवलेले पदार्थ कमी करणे आणि आले, लसूण, कांद्याची पात, व्हिनेगर यांनी चव आणणे हे नेहमीचे उपाय आहेत. पर्यायी मिठाचा परिणाम चीनमधील ६०० खेड्यांत २०,९९५ व्यक्तींवर अभ्यासण्यात आला. त्या मिठात सुमारे ७५ टक्के सोडियम क्लोराइड व २५ टक्के पोटॅशियम क्लोराइड होते. सहभागींना पूर्वी पक्षाघात झालेला होता किंवा त्यांचे वय किमान ६० वर्षे असून त्यांना उच्च रक्तदाब होता. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, साधे मीठ वापरणाऱ्यांच्या तुलनेत पर्यायी मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी होते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा शरीरातील पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र असे मीठ वैद्यकीय सल्ल्याशिवाय वापरू नये, कारण रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.