संत्र्याच्या भावात सदऱ्याचा धागा

डिसेंबर लागला की नागपूरच्या बेसा-घोगली भागातल्या हातगाड्या नारिंगी होतात. आंबिया बहाराचा शेवटचा माल असतो तो. साल सैल, नख लावलं की सुटणारी, आणि सोलून झाल्यावरही बराच वेळ बोटांना वास ठेवणारी. एखाद्या वर्षी भाव चढा असतो, एखाद्या वर्षी इतका पडलेला की माणूस दोन किलो मागायला जातो आणि पाच घेऊन येतो. यंदा पीक बरं आलेलं दिसतं, असं म्हणून आपण पिशवी उचलतो. पाऊस, फळगळ, बहाराला बसलेला ताण यांचा या भावात हात असतोच. पण त्याचा एक धागा बेसाहून रस्त्याने सुमारे बाराशे किलोमीटर पूर्वेला, भारत-बांगलादेशच्या पेट्रापोल-बेनापोल सीमेवर गुंतलेला आहे. तिथून तो ढाक्याच्या बँकांमध्ये जातो, युरोपातल्या कपड्यांच्या दुकानांत जातो आणि वळसा घालून पुन्हा वरुड-काटोलच्या काळ्या मातीत येतो. हा वळसा मला पहिल्यांदा समजला तेव्हा मी थक्क झालो होतो. आजही त्याचं नवल ओसरलेलं नाही.

नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण देशाबाहेर त्याला मोठं असं एकच गिऱ्हाईक आहे: बांगलादेश. कारण फळाच्या स्वभावातच आहे. सैल साल ही खाणाऱ्याची चैन, पण वाहतुकीत तीच अडचण. फळ लवकर मऊ पडतं. आत बिया असतात आणि युरोपच्या बाजाराला बिनबियांचं फळ लागतं. बांगलादेशच्या लोकांना मात्र ही आंबटगोड चव आवडते, आणि ट्रक काही दिवसांत तिथे पोचतो. वरुड, मोर्शी, नरखेड, काटोलच्या बागांतून क्रेट भरून निघालेला माल रायपूर, कोलकाता करत बनगावजवळच्या पेट्रापोलला जातो. चांगला माल असा बाहेर गेला की मागे राहिलेल्या मालाला नागपूरच्या कळमना बाजारात मान मिळतो. तो गेला नाही की सगळाच माल एकाच अंगणात उतरतो, आणि बेसाच्या हातगाडीवर स्वस्ताई येते.

2019 मध्ये बांगलादेश आपल्या संत्र्यावर किलोमागे सुमारे 20 रुपये आयात शुल्क घेत होता. 2022 मध्ये ते 63 झालं, 2023 मध्ये 88, आणि पुढे शंभरीपार गेलं. बागेतून जो भाव मिळतो त्याच्या कितीतरी पट नुसतं शुल्क! दोन-तीन हंगामांत निर्यात निम्म्याहून खाली आली. डिसेंबर 2023 च्या नागपूर अधिवेशनात राज्य सरकारला जाहीर करावं लागलं की या शुल्काचा अर्धा भार, म्हणजे किलोमागे 44 रुपये, अनुदान म्हणून आपण उचलू. परक्या देशाने लावलेल्या कराचा अर्धा भाग आपल्या तिजोरीतून द्यायचा ही तोडगा म्हणून विलक्षणच गोष्ट होती. गरज केवढी होती हे त्यावरून कळतं.

बांगलादेशाने असं का केलं? संत्र्याशी त्याचं काही वैर नव्हतं. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं, तेल आणि वायू महागले, आणि बांगलादेशाची परकीय गंगाजळी आटू लागली. डॉलरला 86 टक्यांच्या (टका हे तिथलं चलन) आसपास असलेला भाव वर्षभरात शंभरीपार गेला. जानेवारी 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडून 470 कोटी डॉलरचं कर्ज मंजूर करून घ्यावं लागलं. अशा वेळी सरकार डॉलर कुठे वाचवता येतील ते बघतं. तेल हवं, खत हवं, गहू हवा. फळं, सौंदर्यप्रसाधनं, फर्निचर थांबू शकतं. मे 2022 मध्ये अशा वस्तूंवर जादा नियामक शुल्क आलं. आयातदाराला बँकेकडून पतपत्र, म्हणजे पैसे देण्याची हमी, मिळणंही अवघड झालं.

इथे एक बारीक यंत्रणा काम करते. शुल्क टक्क्यांत असतं आणि ते फळाच्या डॉलरमधल्या किमतीवर लागतं. म्हणजे टका जसा घसरतो, तसं दर बदलला नाही तरी टक्यांतलं शुल्क आपोआप फुगतं. ढाक्यातल्या ग्राहकाला फळ महाग होतं आणि इकडे मागणी आटते. वरुडच्या बागायतदाराने यातलं काहीच केलेलं नसतं. त्याने फक्त वेळेवर पाणी तोडून झाडाला ताण दिलेला असतो.

मग करार कुठे गेला, असं कोणीही विचारेल. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करार, म्हणजे साफ्टा, 1 जानेवारी 2006 पासून अमलात आहे. त्यातल्या सवलती मूळ सीमाशुल्काच्या आहेत, आणि त्यातूनही प्रत्येक देश आपली ‘संवेदनशील’ वस्तूंची यादी बाजूला ठेवू शकतो. नियामक शुल्क, पूरक शुल्क, मूल्यवर्धित कर हे सगळं त्या चौकटीबाहेरून येऊन माथ्यावर बसतं. भारताने 2011 मध्ये मद्य आणि तंबाखूच्या मोजक्या वस्तू सोडून बांगलादेशाच्या जवळजवळ सगळ्या मालावरचं शुल्क काढलं. तसं उलट दिशेने झालं नाही. दुबळ्या देशाला सबळाने जास्त द्यावं हे तत्त्व मला पटतं. पण त्या तत्त्वाचा हिशेब ज्यांच्या बागेत चुकता होतो, त्यांना वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची नसते.

आपल्याही बाजूचं पाहिलं पाहिजे. 29 सप्टेंबर 2019 ला भारताने कांद्याची निर्यात एका दिवसात बंद केली. काही दिवसांनी बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी भर सभेत सांगितलं की मी आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितलंय, निदान आधी कळवत जा. सप्टेंबर 2020 मध्ये पुन्हा बंदी आली. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क आलं, डिसेंबरमध्ये परत बंदी. आमच्याकडचे संत्रा उत्पादक ठामपणे म्हणतात की लासलगावच्या कांद्याचा राग वरुडच्या संत्र्यावर निघाला. डॉलरची टंचाई हे मोठं कारण होतंच, पण शेजाऱ्याला ऐनवेळी उपाशी ठेवलं तर त्याच्या अडचणीच्या वेळी आपल्या मालाची तो गय करत नाही, एवढं मानायला हरकत नसावी.

आता त्या वळशाकडे येऊ. बांगलादेशाच्या निर्यातीत ऐंशी टक्क्यांहून अधिक वाटा तयार कपड्यांचा आहे. या कपड्यांना कापूस लागतो आणि तो तिथे जवळजवळ पिकतच नाही. भारताच्या कापसाचं आणि सुताचं मोठं गिऱ्हाईक पुन्हा बांगलादेशच. काटोल-नरखेडकडे कित्येक शेतकऱ्यांच्या एका वावरात संत्रा असतो आणि धुऱ्यापलीकडे कापूस. त्या कापसाची गाठ बनते, गाठीचं सूत, सुताचा ढाक्याजवळच्या कारखान्यात सदरा, आणि तो सदरा जर्मनीत विकला जातो. त्यातून बांगलादेशाला डॉलर मिळतात, आणि त्याच डॉलरांतले काही बेनापोलच्या फळ आयातदाराला बँक देते. म्हणजे धुऱ्याच्या अलीकडचं फळ विकत घ्यायला लागणारा पैसा धुऱ्यापलीकडच्या बोंडातून, अर्ध्या जगाला वळसा घालून येऊ शकतो! युरोप-अमेरिकेत महागाईने लोकांनी कपड्यांची खरेदी आवरती घेतली, तर त्याची झळ एकाच शेतकऱ्याला दोन वावरांत लागते.

या मातीला असा वळसा नवा नाही. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून बंद पडू लागल्या. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांची नजर हिंगणघाट आणि वऱ्हाडकडे वळली. मुंबईत कापसाचे भाव काही पटींनी चढले. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळले, त्याबरोबर मुंबईतल्या पेढ्या आणि सट्टेबाजही. तेजी सरली होती, पण 1867 मध्ये आगगाडी नागपूरला पोचली आणि 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. परक्या युद्धातली तेजी चार वर्षांत गेली. वऱ्हाडातली कापसाची वाट मात्र तशीच राहिली.

नव्या करारांमध्येही हीच दोन पिकं एकत्र सापडतात, हे पाहून मला पुन्हा आश्चर्य वाटलं. भारत-ऑस्ट्रेलिया करार 29 डिसेंबर 2022 पासून लागू आहे. त्यात ऑस्ट्रेलियाच्या 51 हजार टन लांब धाग्याच्या कापसाला शुल्कमुक्त प्रवेश आहे, आणि 13,700 टन संत्री-मँडरिनना निम्म्या शुल्कात. विदर्भाची दोन्ही पिकं एकाच कागदावर! कोटा लहान आहे. शिवाय दक्षिण गोलार्धातलं ते फळ मुख्यतः आपला आंबिया बहार बाजारात येण्याआधी उतरतं, त्यामुळे थेट टक्कर कमी. कापसाचं तसं नाही. अमेरिकेने ऑगस्ट 2025 मध्ये भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं. कपडा उद्योगाला आधार म्हणून भारताने 19 ऑगस्टपासून कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क काढलं आणि ती सूट डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकी वेचणीच्या हंगामावर. गिरणीला दिलासा मिळाला. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर होता आणि बाजार त्याच्या खाली रेंगाळत होता.

धक्का आला की दोन्ही पिकं वेगळी वागतात, हे मला या सगळ्यात फार मोलाचं वाटतं. कापूस थांबू शकतो. 2022 मध्ये क्विंटलला दहा हजारांवर भाव पाहिलेल्या शेतकऱ्यांनी पुढच्या हंगामात महिनोन्‌महिने घरात कापूस भरून ठेवला. अंगाला खाज सुटली, पण पर्याय तर होता. संत्र्याला तो नाही. फळ पिकलं की काही आठवड्यांत उतरवावंच लागतं. आणि बाग फळावर यायला पाच-सहा वर्षं लागतात. 2017 मध्ये, शुल्क इतकं वाढण्याआधी, ज्याने कलमं लावली, त्याला पहिला मोठा तोडा 88 रुपयांच्या वर्षी मिळाला. झाड लावायचा निर्णय आणि त्याची किंमत ठरवणारा निर्णय यांच्यात एवढं अंतर असतं.

पुढची तारीखही ठरलेली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वेळापत्रकाप्रमाणे बांगलादेश 24 नोव्हेंबर 2026 ला अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचा आहे. त्याचे कपडे आज युरोपात शुल्काशिवाय जातात. ही सवलत युरोपीय संघाने आणखी तीन वर्षं, 2029 पर्यंत, चालू ठेवायचं ठरवलं आहे. त्यानंतर काय, हे ब्रसेल्स आणि ढाक्यात ठरेल. भारत-बांगलादेश सर्वंकष भागीदारी कराराचा संयुक्त अभ्यास 2022 मध्येच पूर्ण झाला होता. वाटाघाटी सुरू झाल्या तर संत्र्यावरच्या मूळ शुल्काबरोबर नियामक आणि पूरक शुल्काचाही उल्लेख त्यात नावानिशी व्हायला हवा. यंदा काटोलला लावलेलं कलम पहिला भरघोस बहार देईल तेव्हा सवलतीची ही सगळी वर्षं उलटून गेलेली असतील.