स्कीमा संचिकेतील टिप्पणी

संगणकशास्त्रात स्कीमा संचिका म्हणजे विदेची रचना ठरवून देणारी संचिका. कोणत्या क्षेत्रात अंक असावा, कोणत्या क्षेत्रात मजकूर, कोणते रिकामे चालेल, हे नियम तीत असतात. मात्र नियम का केला हे नियमावरून कळत नाही. दूरध्वनी क्रमांक मजकूर म्हणून साठवला जातो, कारण अंक मानल्यास सुरुवातीचे शून्य गळते. हे कारण टिपलेले नसेल, तर पुढचा प्रोग्रामर ती चूक समजून ‘दुरुस्त’ करण्याची शक्यता असते. म्हणून टिप्पणी, म्हणजे माणसाने वाचावा व संगणकाने वगळावा असा मजकूर, उपयोगी ठरते.

या कामासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जेसन स्वरूपात टिप्पणीला जागा नाही. जेसनचे कर्ते डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती जाणूनबुजून काढली. काही जण टिप्पण्यांत पार्सरसाठी सूचना लिहू लागले होते, व त्यामुळे वेगवेगळ्या प्रणालींमधील सुसंगती बिघडली असती, असे कारण त्यांनी २०१२ मध्ये दिले. दोन प्रणालींमधील निरोपांसाठी हा युक्तिवाद पटतो. हाताने लिहिल्या जाणाऱ्या, वर्षानुवर्षे सांभाळाव्या लागणाऱ्या स्कीमासाठी तितकासा पटत नाही.

जेसन स्कीमाच्या सातव्या मसुद्यात टिप्पणीसाठी स्वतंत्र कळशब्द आला. तरी ती टिप्पणी विदेचाच भाग असते आणि यादीतील एकेका मूल्याशेजारी लिहिता येत नाही. जेसन५ सारख्या विस्तारित रूपांत टिप्पणी चालते, पण अशी संचिका साधा जेसन पार्सर नाकारतो.

यामल व टॉमल या स्वरूपांत # या चिन्हापुढील मजकूर टिप्पणी ठरतो. टॉमल साध्या मांडणीच्या संचिकांना शोभते. खोल एकात एक रचना त्यात किचकट होते. यामल अशा रचना सहज पेलते, पण त्याचे धोके निराळे आहेत. यामल १.१ नुसार अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेला नॉर्वेचा दोन अक्षरी देशसंकेत ‘नाही’ या अर्थाचे तार्किक मूल्य म्हणून वाचला जातो. २००९ च्या १.२ आवृत्तीत हा नियम बदलला, तरी जुन्या नियमांवर चालणारे पार्सर अजून वापरात आहेत.

टिप्पणी चालते म्हणजे ती टिकतेच असे नाही. पायथनमधील पायवायएएमएल लायब्ररीने वाचून पुन्हा लिहिलेल्या संचिकेतून टिप्पण्या नाहीशा होतात. म्हणून पुष्कळ प्रकल्पांत मूळ स्कीमा यामलमध्ये हाताने लिहितात व त्यावरून जेसन प्रत यंत्राने तयार करतात. दुरुस्ती मात्र मूळ प्रतीतच केली जाते. ओपनएपीआय या मानकाला दोन्ही स्वरूपे मान्य आहेत.