बोली लावण्याआधीची पायपीट

“दादा, पंचाण्णव हजारात ट्रॅक्टर भेटायलाय. बँकेनं ओढून आणलेला. रात्री बारापर्यंतच मुदत हाय म्हणं, लवकर सांग.”

साखर कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, आठवडा झाला होता. मावसभाऊ ऊसतोडीवरून गावी आला होता. हातात हिशेबाचे थोडे पैसे होते आणि डोक्यात चार वर्षांपासूनचा ट्रॅक्टर. बीड जिल्ह्यात हे चक्र सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ऊस वाहतुकीसाठी कर्जावर ट्रॅक्टर घ्यायचा. आगाऊ उचल घेतलेली ऊसतोड टोळी मध्येच पळाली की हप्ते थकतात, फायनान्सवाले गाडी ओढून नेतात आणि काही महिन्यांनी ती दुसऱ्याच कुणाच्या दारात उभी दिसते. असे लिलाव खरोखर होतात, म्हणून तर खोटा लिलावही खपतो.

त्यानं पाठवलेल्या फोटोत लाल ट्रॅक्टर होता, वर एका मोठ्या बँकेचं चिन्ह, खाली मोबाइल नंबर आणि क्यूआर कोड. “५,००० रुपये टोकन भरून नंबर लावा.” बँकेचं चिन्ह दिसलं म्हणजे लिलाव बँकेचाच, ही समजूत पहिली आणि बहुधा सगळ्यात महाग पडणारी. चिन्ह कुणीही चिकटवतो. सरकारी बँकांच्या लिलावांसाठी ‘बँकनेट’ नावाचं एकत्रित पोर्टल जानेवारी २०२५ मध्ये सुरू झालं. त्याआधी २०१९ पासून ‘ई-बिक्रय’ होतं. बँकनेटवर नोंदणी, केवायसी, मग अनामत, मग बोली, असा क्रम असतो. अनामत पोर्टलवरच्या खात्यात किंवा सूचनेत छापलेल्या बँकेच्या खात्यात जाते, कुण्या व्यक्तीच्या यूपीआयवर जात नाही. तारण घर-दुकानाच्या जाहीर लिलावाची सूचना तर दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. खासगी फायनान्स कंपन्या वाहनं वेगवेगळ्या साइटवर विकतात, त्यामुळे तिथं एकच पत्ता सांगता येत नाही. पण शाखा तर असते ना? मेसेजमधल्या नंबरावर फोन न लावता शाखेत जाऊन विचारायचं: “हा ट्रॅक्टर तुमच्याकडंच उभाय का? कुठं बघायला मिळंल?” भावाला एवढंच करायला लावलं. शाखेतल्या माणसानं फोटो बघितला आणि मान हलवली. असा ट्रॅक्टर त्यांच्याकडं नव्हताच.

याचा उलटा प्रकारही चालतो. तुम्ही म्हैस विकायला काढली की समोरचा चढी बोली लावतो आणि म्हणतो, “पैसे पाठवलेत, कोड स्कॅन करून पिन टाका.” यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करायचा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तरच परत येण्याची आशा असते, त्यामुळे “सकाळी बघू” इथं चालत नाही.

दुसरी समजूत जरा बारीक आहे: बोली लावणं म्हणजे भाव विचारणं. ही आपल्या बाजाराची सवय. नेकनूरच्या बैलबाजारात रुमालाखाली हेड्याची, म्हणजे दलालाची, बोटं दाबली, जमलं नाही तर हात काढून घेतला, कुणाला राग येत नाही. मोंढ्यात सोयाबीन आधी तळहातावर येतं, दाणा दाताखाली जातो, मग आकडा तोंडातून निघतो. मोबाइलवर मात्र बटण दाबलं की तो आकडा तुमचा शब्द झाला. एक शून्य जास्त पडलं म्हणून तो मागे घेता येत नाही.

आणि शब्दाची किंमत मोठी आहे. बँका घर-दुकानं विकतात ती बहुतेक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली. समजा जालना रोडवरचा एक गाळा तुम्ही २० लाखांना घेतला. अनामत धरून २५ टक्के, म्हणजे ५ लाख, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरायचे. उरलेले १५ लाख विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत. बँकेनं लेखी मुदतवाढ दिली तरी ती तीन महिन्यांपलीकडं जात नाही. “आधी बोली जिंकू, मग कर्जाचं बघू” म्हणणारा इथंच अडकतो. उरलेली रक्कम वेळेत आली नाही तर भरलेले ५ लाख जप्त होतात. बँकेचं तेवढं नुकसान झालं नसेल, तरी? तरीही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तमिळनाडूतल्या एका प्रकरणात पूर्ण २५ टक्क्यांची जप्ती वैध ठरवली. तेव्हा कर्जाची लेखी मंजुरी खिशात असल्याशिवाय अनामत भरू नये.

“शेवटच्या मिनिटाला बोली टाकायची, कुणाला उत्तर द्यायला वेळच मिळत नाही” हेही बऱ्याच जणांच्या डोक्यात असतं. परदेशातल्या साइटवर ही युक्ती जुनी आहे. भारतात बाझी डॉट कॉम आणि २००४ मध्ये तिला विकत घेणाऱ्या ईबेवर अनेकांनी ती करून बघितली. ईबेची इथली साइट २०१८ मध्ये बंद झाली. बँकांच्या लिलावात मात्र शेवटच्या काही मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढते, पुन्हा आली की पुन्हा वाढते. यात घड्याळाशी झुंजण्यापेक्षा आपला वरचा आकडा कागदावर लिहून ठेवणं बरं. माझ्या ओळखीचा एक आडत्या तो आकडा बायकोला सांगून ठेवतो आणि बोलीच्या वेळी तिला शेजारी बसवतो.

आता जमीन. इथं सावकाश जायला हवं, कारण आपल्या जिल्ह्यात लिलावातली जमीन म्हणजे निर्वेध जमीन असं सर्रास धरलं जातं. “सरकारी शिक्का असतो की!” सरफेसी कायदा शेतजमिनीच्या तारणाला लागूच होत नाही. मग शेतीचे लिलाव येतात कुठून? बरेचसे पतसंस्था आणि सहकारी बँकांकडून, महाराष्ट्र सहकारी संस्था नियम १९६१ मधल्या नियम १०७ खाली. तिथला हिशेब वेगळा. बोली जिंकताच १५ टक्के आणि उरलेले १५ दिवसांत. शिवाय विक्रीनंतर ३० दिवसांच्या आत कर्जदारानं थकबाकी आणि तुमच्या रकमेवर ५ टक्के भरले तर तो लिलाव रद्द करून घेऊ शकतो. म्हणजे हातोडा पडला तरी महिनाभर जमीन तुमची झाली असं गावात सांगू नका.

सातबारा काढला की आधी मालकाचं नाव बघतात. मी आधी भोगवटादाराचा वर्ग बघतो. वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय जमीन विकत घेता येत नाही. मग ‘इतर हक्क’ बघतो: बोजा, कूळ, न्यायालयाचा मनाई हुकूम. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्यामुळे इथं इनामी जमिनींचा गुंता जास्त, देवस्थान आणि वक्फच्या जमिनी अनेक गावांत. कूळकायदाही आपला वेगळा, हैदराबादचा १९५० चा, आणि शेतकरी नसलेल्याला शेती घेताना तो आडवा येतो. हे सगळं स्क्रीनवरच्या चार फोटोंत दिसत नाही. तलाठ्याकडं जायचं (कागदोपत्री आता ते ‘ग्राम महसूल अधिकारी’ आहेत, गावात अजून तलाठीच), जुने फेरफार काढायचे आणि बांधावर उभं राहून शेजाऱ्याला विचारायचं, “ह्याच्यात पेरतंय कोण?” या एका प्रश्नानं जे कळतं ते चार उताऱ्यांतून कळत नाही.

घराच्या बाबतीत तोच प्रश्न ताब्याचा. जाहिरातीत बारीक अक्षरात ‘प्रतीकात्मक ताबा’ असं छापलेलं असतं. याचा सरळ अर्थ: बँकेनं दारावर नोटीस चिकटवली आहे आणि आत कर्जदाराचं कुटुंब राहतंय. प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडं किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज, मग पोलिस बंदोबस्त, आणि मध्ये कर्ज वसुली न्यायाधिकरणाची स्थगिती आली तर महिनोन् महिने. हे घर स्वस्त दिसतं ते यामुळंच. मला विचाराल तर पहिलंच घर घेणाऱ्यानं प्रतीकात्मक ताब्याच्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्याकडं पैसा अडकवून ठेवण्याची ताकद आहे, त्यांचा तो खेळ.

त्याच जाहिरातीत ‘जसे आहे, जिथे आहे’ ही शब्दावलीही असते. घरपट्टी, सोसायटीची थकबाकी, पाणीपट्टी, सगळं तुमच्या गळ्यात. विजेचं बिलसुद्धा. आधीच्या मालकाची थकबाकी नियमांत तशी तरतूद असेल तर नव्या मालकाकडून वसूल करता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२३ मध्ये सांगितलं. म्हणून मीटरचा ग्राहक क्रमांक टिपून महावितरणच्या कार्यालयात थकबाकी विचारून यायची.

ठेवी बुडालेल्या ज्ञानराधा मल्टीस्टेट पतसंस्थेच्या प्रकरणात ईडीनं २०२४ मध्ये मालमत्ता जप्त केल्या, तेव्हापासून जिल्ह्यात आणखी एक बोलवा आहे: आता हे सगळं कवडीमोलानं लिलावात निघणार. जप्ती म्हणजे विक्री नव्हे. ईडीची तात्पुरती जप्ती १८० दिवसांपुरती असते. त्या आत ती कायम करून घ्यावी लागते आणि पुढचा मार्ग विशेष न्यायालयातून जातो. ठेवीदारांसाठीच्या १९९९ च्या राज्याच्या कायद्यातही विक्रीला न्यायालय लागतंच. तेव्हा “आतल्या माणसाकडून आधी नंबर लावून देतो” म्हणणारा सरळ फसवतोय. ज्यांच्या ठेवी आधीच बुडाल्यात, त्यांनाच असे फोन जास्त येतात, हे फार वाईट आहे.

जुन्या नोटा-नाण्यांचं मात्र मला हसू येतं. ट्रॅक्टरचं चित्र असलेली ५ रुपयांची नोट लाखाला जाते, वैष्णोदेवीचं नाणं दहा लाखांना, असे व्हिडिओ प्रत्येक घरात पोचलेत. आजीच्या गाठोड्यातला चारमिनारचा हाली सिक्का काढून लोक आम्हाला फोटो पाठवतात. ऑनलाइन जाहिरात टाकली की खरेदीदार लगेच मिळतो, मग तो ‘रिझर्व्ह बँकेचं शुल्क’ किंवा ‘कर’ मागतो. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं की अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही, ती कसलंही शुल्क घेत नाही आणि कुणाला घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. नाण्यांचे खरे लिलाव मुंबईत होतात. तिथं छापील सूची असते, नाण्याची अवस्था नोंदवलेली असते, आणि घेणाऱ्याला बोलीवर वेगळं कमिशन पडतं.

भावानं शेवटी ट्रॅक्टर घेतला. दोन महिन्यांनी, खऱ्या लिलावात. आधी आम्ही यार्डात जाऊन आलो. बॅटरी गायब होती, तासांच्या मीटरची केबल काढलेली, पुढची दोन टायरं दुसऱ्याच गाडीची वाटत होती. भावानं चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, आरटीओत घासतात तशी, आणि उमटलेला आकडा ‘वाहन’ पोर्टलवरच्या नोंदीशी एक एक अक्षर लावून बघितला. विमा संपलेला, आधीच्या मालकाचा पत्ता धारूर तालुक्यातला. ३ लाख ४० हजारांच्या पुढं जायचं नाही असं ठरलं होतं. ३ लाख ३२ हजारांत सुटला.

सरकारी लिलावातली गाडी असती तर फॉर्म ३२ भरून ३० दिवसांत नावावर करण्यासाठी अर्ज करता आला असता. हा लिलाव फायनान्स कंपनीचा. मूळ मालक सही द्यायला येत नाही, म्हणून कंपनीला आधी फॉर्म ३६ वर आरसी स्वतःच्या नावानं काढून घ्यावी लागते, मग २९ आणि ३० वर ती भावाच्या नावानं. तो दर सोमवारी शाखेत विचारून येतो. पाळ्या, पेरणी सगळं त्याच ट्रॅक्टरनं झालं, पण डांबरी रस्त्यावर त्यानं तो अजून काढलेला नाही.