ट्रकचं सर्व्हिसिंग आणि टायरांची अदलाबदल

नळदुर्गावरून जाणाऱ्या सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, राष्ट्रीय महामार्ग ६५ वर, एकसारख्या वेगाने धावणारा ट्रक आणि उसाच्या फडातून धूळ खात निघणारा ट्रक यांचं सर्व्हिसिंग एकाच हिशेबाने होत नाही. ऑईल कधी बदलायचं ते कंपनीच्या पुस्तिकेत असतं. पण कारखान्याच्या रांगेत इंजिन चालू राहतं आणि किलोमीटर पडत नाहीत, म्हणून उसाच्या गाडीचं ऑईल त्याआधीच बदलावं. एअर फिल्टर तर हंगामात वरचेवर पाहावा.

टायर साधारण दहा हजार किलोमीटरला तपासून, झीज असमान दिसली की जागा बदलाव्यात. मागच्या जोडचाकांकडे खास लक्ष द्या: एक टायर नवा आणि शेजारचा झिजलेला असेल, तर जास्त भार नव्यावर येतो आणि तो तापून फुटू शकतो. रिमोल्ड टायर पुढे कधीच लावू नये. पुढचा टायर फुटला तर स्टेअरिंग हातात राहत नाही. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाणं नियमात बसत नाही. हवा पहाटे, टायर थंड असताना मोजावी; उन्हात वाढलेली हवा काढू नये.